डोळ्यातली मसूर आणि माथ्यावरचे ऊन



हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी विषाणूचे औषध, म्हणजे एच.ए.एन.पी.व्ही., फवारायचे झाले की आम्ही विस्तार खात्याची माणसे दोन गोष्टी बजावून सांगतो. फवारणी ऊन उतरल्यावर सायंकाळी करा आणि द्रावणात थोडी कपड्याची नीळ टाका. पुष्कळ जण दोन्ही गोष्टी इमानाने करतात; त्या का करायच्या हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. कारण असे की, उन्हामध्ये डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. जुन्या शालेय पुस्तकांत यांनाच जंबुपार किरण म्हणत. हे किरण त्या विषाणूला निकामी करतात. नीळ त्यांतले काही किरण स्वतःवर घेते आणि विषाणूला अळीच्या पोटात जाईपर्यंत उसंत मिळते.

याच किरणांचा प्रताप आपल्याला इतरत्रही दिसतो. खताची रिकामी गोणी दोन उन्हाळे कुंपणावर राहिली की तिसऱ्या वर्षी हात लावताच तिचा भुगा होतो. ठिबकच्या नळ्यांत कारखानदार काजळी घालतात आणि त्या काळ्या करतात, ते शोभेसाठी नव्हे. प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या. अतिनील किरण त्या साखळ्यांच्या कड्या तोडतात.

आता जरा स्वतःच्या देहाकडे पाहू. आपले कातडे, केस, नखे, स्नायू, डोळे हे सारे मुख्यतः प्रथिनांचे बनलेले आहे. प्रथिन म्हणजेही साखळीच. वीस प्रकारच्या ॲमिनो आम्लांचे मणी एका ठराविक क्रमाने ओवलेले असतात आणि ती माळ एका ठराविक पद्धतीने घडी घालून बसलेली असते. वीस मण्यांपैकी बहुतेकांना अतिनील किरणांचे काही सोयरसुतक नसते. परंतु ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन हे दोन मणी असे आहेत की, उन्हातले जे तिखट अतिनील किरण, ज्यांना शास्त्रज्ञ 'ब' किरण म्हणतात, ते हे मणी शोषून घेतात. घेतलेली शक्ती कुठेतरी खर्च व्हावीच लागते. कधी ती उष्णता होऊन निघून जाते. कधी ट्रिप्टोफॅनचे कडेच फुटते आणि त्याचा पिवळसर पदार्थ बनतो. मणी बदलला की माळेची घडी बिघडते. घडी बिघडलेली प्रथिने मग एकमेकांना चिकटू लागतात. दूध नासते तेव्हा नेमके काय होते? दुधातले प्रथिन तेच, वजन तेच. फक्त सुटी असलेली कणिका एकमेकांना चिकटून गाठी होतात. अंड्याचा पाण्यासारखा भाग तव्यावर पडताच पांढरा होतो, तोही असाच. तिथे काम आम्लाचे किंवा आचेचे असते, इथे किरणांचे. पण 'स्वच्छ होते ते गढूळ झाले' हा शेवट सारखाच.

तुम्ही म्हणाल, आमचे वाडवडील उन्हातच वाढले, उन्हातच गेले. खरे आहे. शरीर काही गोणीसारखे निर्जीव नाही; ते बिघडलेले टाकून नवे घडवीत असते. पण ही डागडुजी सगळीकडे सारखी होत नाही आणि आजच्या लेखाचा सारा मुद्दा तेवढ्यातच आहे.

गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात काच न धरता कोणी ठिणगीकडे पाहत राहिला, तर त्या वेळी काहीच वाटत नाही. रात्री मात्र डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखी आग होते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. ठिणगीतल्या अतिनील किरणांनी डोळ्याच्या अगदी पुढच्या काचेसारख्या पडद्याची वरची साल भाजलेली असते. डॉक्टरांकडे जावेच; पण बहुधा एक-दोन दिवसांत डोळा पूर्ववत होतो, कारण त्या सालीच्या पेशी सतत नव्या होत असतात. कातडीच्या वरच्या थराचेही तसेच. साधारण महिनाभरात जुन्या पेशी झडून नव्या वर येतात.

कातडीच्या खालच्या थराची गोष्ट निराळी. तिथे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे दोर असतात, त्यामुळे कातडी घट्ट राहते. हे दोर वर्षानुवर्षे तेच असतात. ऊन लागले की कातडीतल्या पेशी असे काही पाचक रस सोडतात की ते या दोरांचे तुकडे करतात, आणि लवचिकपणा देणारे दुसरे प्रथिन अस्ताव्यस्त गुंतवळ होऊन साचते. पुस्तकाची गरज नाही. घरातल्या सत्तरीच्या आजोबांची मान मागून पाहा. जाड, खोल रेषांच्या चौकटी पडलेली दिसेल. मग त्यांच्याच दंडाची आतली, बंडीखालची कातडी पाहा. वय एकच, माणूसही एकच, ऊन तेवढे वेगळे.

आपल्या लोकांच्या बाबतीत कातडीची एक मोठी सोय निसर्गाने केलेली आहे. मघाशी सांगितलेल्या टायरोसिनपासूनच, एका खास प्रथिनाच्या मदतीने, शरीर मेलॅनिन नावाचे काळे रंगद्रव्य बनवते आणि पेशीच्या केंद्रावर छत्री धरावी तसे पसरून ठेवते. ठिबकच्या नळीतली काजळी आणि हे मेलॅनिन, काम एकच. म्हणून गोऱ्या लोकांत उन्हामुळे होणारा कातडीचा कर्करोग जितका आढळतो तितका आपल्यात आढळत नाही. मुलगी काळी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

परंतु बंधूंनो, या काळ्या छत्रीचा डोळ्याच्या आत उपयोग नाही. बाहुली हे भोक आहे. आतल्या भागाला दिसायचे तर उजेड आत गेलाच पाहिजे, आणि उजेडाबरोबर थोडे अतिनील किरणही जातात.

बाहुलीच्या लगेच मागे भिंग असते. इंग्रजीत त्याला लेन्स म्हणतात. हा मूळ लॅटिन शब्द, आणि त्याचा अर्थ मसूर! मसुरीचे शास्त्रीय नाव 'लेन्स क्युलिनॅरिस' आहे ते त्यामुळेच. काचेच्या भिंगाचा आकार मसुरीच्या दाण्यासारखा दोन्ही बाजूंनी फुगीर, म्हणून त्याला हे नाव पडले. डोळ्यातली मसूर दाण्यापेक्षा मोठी, मोठ्या माणसात सुमारे ९ मिलिमीटर रुंद असते. तिच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा प्रथिन आहे. एवढे दाट प्रथिन शरीरात क्वचितच कुठे असेल. या प्रथिनांना क्रिस्टॅलिन म्हणतात. इतकी दाटी असूनही भिंग आरपार स्वच्छ दिसते, कारण ही प्रथिने एकमेकांना न चिकटता दाटीवाटीने, पण नेटकी बसलेली असतात.

या मसुरीची रचना कांद्यासारखी आहे, पाकळीवर पाकळी. जन्मभर बाहेरून नव्या पाकळ्या चढत राहतात आणि जुन्या आत दाबल्या जातात. नवी पाकळी तयार झाली की तिच्या पेशी आपले केंद्र, आपली सारी यंत्रसामग्री टाकून देतात, म्हणजे उजेडाला अडथळा नको. भिंगात रक्तवाहिनीही नाही. याचा अर्थ असा की, एकदा घातलेले प्रथिन पुन्हा बदलता येत नाही. तुमच्या भिंगाच्या गाभ्यातले प्रथिन तुम्ही आईच्या पोटात असताना बनलेले आहे आणि मरेपर्यंत तेच राहणार.

हे नुसते अनुमान नव्हे. १९५५ ते १९६३ या काळात बड्या राष्ट्रांनी हवेत अणुबाँबच्या चाचण्या केल्या, तेव्हा हवेतील किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण एकदम वाढले आणि पुढे हळूहळू उतरत गेले. हवेतला कार्बन पिके घेतात, पिके आपण आणि आपली जनावरे खातो, त्यामुळे तो गर्भवती मातेच्या अन्नातून बाळाच्या भिंगातही गेला. कोपनहेगन येथील शास्त्रज्ञांनी २००८ साली मृत व्यक्तींच्या भिंगातील प्रथिनांतला हा कार्बन मोजून, त्या व्यक्ती कोणत्या सुमारास जन्मल्या ते काढून दाखविले. जन्माच्या वेळची हवा भिंगाच्या गाभ्यात तशीच कोंडून राहिली होती. सागाच्या खोडात जुनी वलये राहतात तशी.

शरीर येथेही अगदीच हात बांधून बसत नाही. अल्फा जातीचे क्रिस्टॅलिन राखणदाराचे काम करते; ज्या प्रथिनाची घडी बिघडली त्याला धरून ठेवते, म्हणजे ते दुसऱ्याला चिकटू नये. शिवाय भिंगात काही पिवळसर पदार्थ असतात, ते अतिनील किरण स्वतःवर झेलतात. आपली नीळच म्हणा ना. पण राखणदार मोजकेच. गाभ्यातले मोकळे अल्फा चाळिशी-पन्नाशीपर्यंत जवळपास संपते. आणि तो झेलणारा पदार्थही वयोमानाने प्रथिनांना चिकटू लागतो, त्यामुळे भिंग पिवळे पडत जाते. पिवळ्या काचेतून निळा रंग नीट दिसत नाही. वयस्कर माणूस कीटकनाशकाच्या डब्यावरचा निळा त्रिकोण आणि हिरवा त्रिकोण यांत गोंधळतो, तेव्हा दर वेळी ते दुर्लक्षच असते असे नाही. हे हळूहळू होत असल्यामुळे त्याला स्वतःला कळतही नाही. पुढे गाठी वाढून भिंग गढूळ झाले की आपण म्हणतो, मोतीबिंदू झाला.

यात उन्हाचा वाटा किती? अमेरिकेत मेरीलँड राज्यात चेसापीक नावाची मोठी खाडी आहे. तेथे खेकडे आणि कालवे काढून पोट भरणारी माणसे जन्मभर उघड्यावर असतात. डॉ. ह्यू टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ८३८ जणांचे डोळे तपासले. प्रत्येकाला सोळाव्या वर्षापासून कोणत्या मोसमात किती तास बाहेर काम केले, डोक्यावर काय घालत होता, चष्मा होता का, हे विचारून डोळ्यावर जन्मात किती 'ब' किरण पडले याचा हिशेब मांडला. १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. किरणांची जन्मभराची मात्रा दुप्पट झाली की भिंगाच्या बाहेरच्या पाकळ्यांत होणाऱ्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट होतो. गाभ्यातल्या मोतीबिंदूशी मात्र असा संबंध त्यांना आढळला नाही. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर सारे पाप उन्हाच्या माथी मारल्यासारखे होईल.

नेपाळातील पाहणी याहून आधीची, १९८३ साली प्रसिद्ध झालेली. शंभराहून अधिक ठिकाणच्या लोकांचे डोळे तपासले गेले. उंचावर अतिनील किरण जास्त तिखट असतात, त्यामुळे डोंगरातल्या लोकांत मोतीबिंदू जास्त असायला हवा होता. झाले उलटे, सपाटीवरच्या लोकांत तो अधिक निघाला. शोध घेता कळले की, डोंगरातल्या गावांना चहूबाजूंच्या शिखरांमुळे उशिरा ऊन येते आणि लवकर जाते. दिवसाला सरासरी १२ तास ऊन मिळणाऱ्या ठिकाणी मोतीबिंदू ७ तासांच्या ठिकाणापेक्षा जवळजवळ चौपट होता. आपली शिवारे सपाट, आणि मे महिन्यात तर सूर्य नेमका डोक्यावर येतो.

मोतीबिंदूला वय, मधुमेह, विडी-तंबाखूचा धूर, आणि मनानेच वर्षानुवर्षे टाकलेली स्टेरॉइडची औषधे, हीही कारणे आहेत. चुलीपुढे बसणाऱ्या आमच्या भगिनींना चुलीचा धूरही भोवतो, असे भारतातल्याच पाहण्यांत दिसून आले आहे. यांतली काही आपल्या हातात आहेत, काही नाहीत. ऊन टाळून शेती होणार नाही, आणि हाडांसाठी लागणारे ड जीवनसत्त्व शरीर उन्हातच तयार करते, म्हणून ऊन हे वैरी समजू नये. डोळ्यांना मात्र आडोसा देता येतो.

आपली गांधी टोपी देखणी खरी, पण तिला कडा नाही. फेटा, पटका, मुंडासे डोक्याला उष्म्यापासून वाचवतात. डोळ्यावर सावली पाडत नाहीत. घराला पडवी असते तशी डोळ्यांनाही पडवी हवी. सभोवार तीन-चार बोटे रुंद कडा असलेली टोपी डोळ्यांवर येणारे अतिनील किरण साधारण निम्म्याने कमी करते. केवळ पुढे चोच असलेली टोपी त्याहून कमी उपयोगाची, कारण हे किरण सूर्याकडूनच नव्हे तर साऱ्या आकाशातून विखरून येतात आणि कडेनेही डोळ्यात शिरतात. काहींच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढून बुबुळावर चढते. त्यातही या कडेच्या उन्हाचा हात असतो. भगिनींनी कामाच्या वेळी पदर कपाळावरून पुढे ओढून घेतला तर तीही चांगली पडवीच आहे. तेवढ्यापुरती सासूबाईंची शिस्त शास्त्राला धरून होती म्हणायची!

चष्म्याबाबत लोकांची हमखास एक फसगत होते. काच जितकी काळी तितकी चांगली, असे समजून जत्रेतला काळाकुट्ट चष्मा घेतात. अतिनील किरण डोळ्यांना दिसतच नाहीत, तेव्हा काचेच्या रंगावरून ते अडतात की नाही हे कसे कळणार? काच काळी असून किरण अडवीत नसेल, तर अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि नको ते जास्तच आत जाते. घेताना 'यू.व्ही. ४००' असे लिहिलेला चष्मा चांगल्या दुकानातून घ्यावा. तो रंगहीन असला तरी चालतो. फवारणीच्या वेळी वापरायचा पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक, कडेने झाकलेला चष्मा मिळतो. तो औषधाचे शिंतोडे अडवतो, मळणीच्या वेळी कुसळ अडवतो आणि जवळजवळ सारे अतिनील किरणही अडवतो. घरात एक असावाच.

दिवसभरातल्या अतिनील किरणांपैकी निम्म्याहून अधिक सकाळी १० ते दुपारी २ या चार तासांत पडतात. खुरपणी, वेचणी अशी कामे पहाटे व दुपार कलल्यावर घेण्याची जुनी रीत होती, ती मजुरांच्या वेळेपायी मोडली. जमेल तेवढी पुन्हा धरावी. पातळ ढगांतून हे किरण बरेचसे खाली येतात, हेही ध्यानात असू द्या. आणि टोपीची सवय पोरांपासून लावा. लहान मुलांचे भिंग अगदी नितळ असल्याने किरण अधिक खोल जातात, आणि आज त्यांच्या भिंगावर जे पडेल ते पन्नास वर्षे तिथेच राहणार आहे.

मोतीबिंदू विरघळवणारे थेंब मिळतात का, हा प्रश्न मला प्रत्येक शिबिरात कोणी ना कोणी विचारतो. नासलेले दूध पुन्हा दूध होत नाही. आजवर एकही थेंब, मध, अर्क किंवा भस्म या कामी सिद्ध झालेले नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचाही अमेरिकेत काही हजार लोकांवर प्रयोग झाला. २००१ साली निकाल आला की मोतीबिंदूत फरक पडत नाही. भाजी-फळे जरूर खा, पण त्यावर विसंबून शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका.

'अजून पिकला नाही, पिकू द्या' हा सल्ला आता जुना झाला. पूर्वी पूर्ण भिंग काढावे लागे, म्हणून वाट पाहत. आता छोट्या छेदातून गढूळ भाग काढून कृत्रिम भिंग बसवतात. फार पिकून तपकिरी, टणक झालेला मोतीबिंदू काढायला अधिक अवघड जातो, आणि फुगला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. तांदळातला खडा दिसेना, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याला कडी दिसू लागली, डब्यावरची अक्षरे धूसर झाली, की तपासणी करावी. १९७६ पासून देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. सुगी आटोपली की घरातल्या म्हाताऱ्यांना घेऊन जा, आणि सोबत चष्मा नसलेल्या पन्नाशीच्या माणसांनीही आपले डोळे दाखवून घ्या. नवे भिंग बसवताना ते अतिनील किरण अडवणारे आहे ना, एवढे डॉक्टरांना विचारून ठेवावे. हल्ली बहुतेक तशीच असतात.

पुढील आठवड्यात उन्हाळी भुईमुगाच्या पाण्याच्या पाळ्या पाहू.